शेगडीभोवतीचे काजवे

त्रामला दुखलं की ती हसते, ही तिच्या आईच्या, सामच्या, मनातली काळजी काही केल्या जात नव्हती. दुसऱ्यांची पोरं रडून घर डोक्यावर घ्यायची. ही लहानपणी पेरूच्या झाडावरून पडली, मनगट मोडलं, तर दिवेलागणीपर्यंत शेजारच्या पोरांना नकला करून दाखवत बसली होती. हात टम्म सुजला तेव्हा कुठे घरात कळलं. आता तिला सातवा महिना चालू होता, आणि आज सकाळपासून ती फार हसत होती.

सायगावच्या बँकेतली नोकरी सोडून ती ह्युएला परत आली तेव्हा साम चिडून म्हणाली होती, "मग शिकलीस कशाला?"  आजोबांच्या सायकलदुरुस्तीच्या खोलीतलं ग्रीस त्रामने स्वतः खरवडून काढलं आणि तिथे चहा-कॉफीचं दुकान मांडलं. नवरा विन्ह दानांगच्या बंदरावर कामाला, रविवारचा येणारा. त्यामुळे दुकान, पोट आणि आईची कटकट असं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर.

ह्युए ही जुनी राजधानी फ्रेंचांच्या हाती पडली, त्याची आज तिथी होती. राजा रातोरात वेशीबाहेर पडला, आणि मागे राहिलेली माणसं अंधारात चेंगरून, खंदकात बुडून गेली. त्यांच्या नावाने दरवर्षी गल्लीच्या तोंडाशी मेज मांडतात. लाह्या, उकडलेली रताळी, पातळ पेज, तहानेने गेलेल्यांसाठी पाण्याचा रांजण, आणि बुडालेल्यांना शेकायला निखाऱ्यांची शेगडी. यंदा त्या मेजाशेजारी त्रामने आपली फळी टाकली होती. कमळबियांचं गार सरबत, त्याचं नाव 'राजाची वाट'. काळ्या तिळाचं दूध, ते 'खंदक'. जळक्या साखरेचा आल्याचा काढा, ती 'शेगडी'. सोबत खोबरं घातलेल्या लाह्या आणि रताळ्याचे कुरकुरीत काप.

"मेलेल्यांच्या नैवेद्याला नळी लावून विकतेस होय गं!" लान्ह आत्या म्हणाली. गल्लीचं मेज तीच मांडायची, आणि तिच्या शब्दाबाहेर कुणी उदबत्तीसुद्धा लावत नसे.

"आत्या, पहिला पेला मेजावर. उदबत्ती विझेपर्यंत कुणाला घोटभर देणार नाही. शपथ."

"आणि मला?"

"तुम्हाला फुकट. पण तुम्ही अजून जिवंत आहात, रांगेत उभ्या राहा."

बायका हसल्या. लान्हसुद्धा हसली. हसली नाही ती साम. त्रामच्या चपलांचे पट्टे पावलांत रुतले होते. अंगठी तर परवाच साबण लावून काढावी लागली होती.

साम तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवत होती. तरी सकाळी लेकीच्या एप्रनच्या खिशात तिने लसणाची पाकळी सरकवली होती. पोटुशी बाईने भटक्या जिवांच्या मेजापाशी थांबू नये असं म्हणतात. आपला त्यावर विश्वास नाही, हे ती स्वतःला बजावत होती, आणि खिसा पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती.

"जरा आत जाऊन बस ना, त्राम."

"बसले की लोक समजतील दुकान बंद."

"रक्तदाब बघितलास आज?"

"मा, आता पुरे हं." त्रामचा आवाज खाली आला. "मागच्या महिन्यात वायू धरला होता, तर तू दवाखान्याची गाडी दारात आणलीस. अख्खी गल्ली गोळा. पुन्हा मला न विचारता कुणाला बोलावलंस, तर बाळंतपणाला विन्हच्या आईकडे जाईन. मग बघत बस बाळ फोटोत."

हे ती हसत बोलली नव्हती.  साम हातातल्या फोनची कड नखाने खरवडत राहिली.

उदबत्त्या पेटल्या. लान्हने रस्त्यावर मीठ-तांदूळ उधळले. त्रामने तिन्ही पेले मेजावर नेऊन ठेवले, आणि शेगडीसमोर वाकली ती तशीच थांबली.

"अय्या," ती म्हणाली. "निखाऱ्यांभोवती काजवे कसे?"

तिथे काजवे नव्हते. ठिणग्याही नव्हत्या. निखारे राखेखाली निवांत पडले होते.

"कुठे दिसतात?" लान्हने विचारलं.

"इथे. पाण्यावर पण. आता तुमच्या तोंडावर."

लान्हने हात जोडले. "आले! हिला दिसले. पोटातल्या जिवाच्या डोळ्यांनी दिसतात ते. कुणी हलवू नका तिला, पाय ओढतील. आधी आणखी उदबत्त्या लावा."

बायका रस्त्यातच गुडघ्यांवर बसल्या. एक क्षण, फक्त एकच क्षण, सामनेही वाकून रांजणाकडे बघितलं. मग दाईने बजावलेलं तिला आठवलं. सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं. यातलं काहीही झालं तर घरी थांबायचं नाही.

"त्राम, डोकं दुखतंय?"

"पाहुणे आलेत म्हणे," त्राम हसत होती. "ऑर्डर घ्यायला नको?"

"डोकं दुखतंय का, विचारलं मी."

"थोडंसं. उन्हाने असेल."

"कधीपासून?"

 त्राम नुसती हसत राहिली, आणि एका हाताने तिने मेजाची कड घट्ट धरली. पेला कलंडला. काळं दूध लाह्यांत पसरलं.

"सामबाई, मध्ये पडू नका," लान्ह म्हणाली. "त्यांचं पिऊन होऊ द्या."

"पिऊ देत त्यांना. रांजण भरलेला आहे," साम म्हणाली आणि लेकीला दंडाला धरून पायरीवर बसवलं.

तेव्हा त्रामला आईच्या हातातला फोन दिसला. हसू मावळलं.

"मा, नको. सगळे बघतायत. मी खरंच जाईन हं विन्हच्या आईकडे."

"जा," साम म्हणाली. "खुशाल जा. पण दोघं जा."

आणि दवाखान्याच्या गाडीसाठी तिने एक-एक-पाच दाबलं.