अण्णांच्या खिशातले थेंब

पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला अंबरनाथ पूर्वेला चिंतामणी देवस्थळी राहायचे. रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर. सगळं जग त्यांना अण्णा म्हणे. माणसाच्या खिशात पेन असतं, फार तर तंबाखूची डबी. अण्णांच्या खिशात असायची नाक मोकळं करायच्या थेंबांची बाटली. कधीतरी जोराची सर्दी झाली तेव्हा डॉक्टरांनी ती चार दिवसांसाठी लिहून दिली होती. त्याला सात-आठ वर्षं उलटली तरी अण्णांचे चार दिवस काही संपले नव्हते.

बरं, स्वतःपुरतं घालून गप्प बसतील तर ते अण्णा कसले! कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कोणी शिंकलं की अण्णा बाटली काढून उभे. "मान मागे करा पाहू." नाही म्हणायची सोय नव्हती. एकाच ड्रॉपरने त्यांनी अर्ध्या अंबरनाथची नाकं मोकळी केली असतील. उल्हासनगरच्या एका औषधाच्या दुकानातून ते डझनाने बाटल्या आणायचे आणि तिथला सिंधी शेठ त्यांना उठून खुर्ची द्यायचा.

लेक वृंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. अण्णा नुसते हवेत. महिन्याभराचा असताना बाळाचं नाक चोंदलं. दूध ओढता येईना, रडून रडून लालबुंद. वृंदा आंघोळीला गेली होती, तिची आई कुंदाताई भाकरी थापत होत्या. अण्णांना नातवाचा कळवळा आला आणि हात सवयीने खिशाकडे गेला.

वृंदा ओल्या केसांनी बाहेर येते तो ड्रॉपर बाळाच्या नाकाशी.

"अण्णा! काय करताय?"

"अगं, एकच थेंब. मोकळं होईल बिचाऱ्याचं."

तिने बाळ ओढूनच घेतलं आणि गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर मालिनी गद्र्यांचा दवाखाना होता तो गाठला. मागून अण्णा, बनियनवर, हातात बाटली तशीच.

"आत गेला का थेंब?" डॉक्टरीणबाईंनी आधी तेच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. "अण्णा, एवढ्याशा जिवाला हे फार घातक. गुंगी येते, श्वास मंदावतो. याला मिठाच्या पाण्याचे थेंब देते, तेवढे पुरेत. आणि तुम्ही किती वर्षं घालताय?"

अण्णांनी सांगितलं. बाई डोक्याला हात लावून बसल्या.

"अहो, तुमची सर्दी कधीच गेली. आता या थेंबांमुळेच नाक चोंदतंय. असर उतरला की आतून जास्त सूज येते, की तुम्ही पुन्हा घालता. छातीत धडधडतं? झोप लागत नाही?"

दोन्ही खरं होतं. कुंदाताई आजवर कँटीनच्या चहाला शिव्या देत होत्या.

त्या दिवसापासून वृंदा प्यायला पाणी आणायला उठली तरी बाळाला उचलून बरोबर न्यायची. ते अण्णांना फार लागलं. स्वतःच्या लेकीला आपली भीती वाटते, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

त्यांनी थेंब सोडायचं ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी युक्ती सांगितली होती, आधी एका नाकपुडीचे बंद करा, मग दुसरीचे. त्या दिवसांत अण्णा अर्ध्या नाकाने जगले. झोपेचं खोबरं झालं, फोनवर आवाज कोणी ओळखेना, कारखान्यात सगळे विचारत, "आज कुठली बाजू चालू, साहेब?" अण्णा चिडायचे, पण खिसा रिकामाच ठेवायचे.

मग एके सकाळी गॅलरीतून त्यांची हाक आली. "अगं कुंदा, गॅस गळतोय का? केवढी घाण येतेय!"

"अहो, ही आपल्या कारखान्यांची हवा. आम्ही रोजच खातोय."

गल्ली नाकाला पदर लावून चालली होती आणि अण्णा छाती भरभरून तो वास घेत होते. इतका आनंद त्यांना प्रमोशनचाही झाला नव्हता.

उल्हासनगरचा शेठ म्हणाला, "क्या अण्णा, इस महिने डझन नहीं?"

"नहीं शेठ. और इस भाऊ को भी तीन-चार दिन के ऊपर मत देना," अण्णांनी शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवलं.

"अरे बाबा, धंदा बंद कराओगे क्या!"

महिना सरला. एका संध्याकाळी वृंदा आणि कुंदाताई बांगड्या भरायला निघाल्या. अण्णा उठून आतल्या खोलीत जायला लागले, बाळापाशी एकटं थांबायचं नाही हे त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं.

"कुठे चाललात? बसा ना," वृंदा म्हणाली आणि तिने बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आम्हाला वेळ लागेल हं."

चपला घालून ती जिना उतरली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दोघी परत येईपर्यंत मांडीला मुंग्या आल्या तरी अण्णा जागचे हलले नाहीत.