बदललेली रेकॉर्ड

ऑफिसातली माझी सहकारी एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "सर, तुम्हाला त्या जुन्या रेकॉर्ड्सचा नाद आहे ना? अब्बांकडे ट्रंकभर आहेत. गावचं घर पाडून बिल्डिंग होतेय, अब्बा आता माझ्याकडे कामोठ्याला राहणार. वन बीएचकेत ती ट्रंक ठेवू कुठे?"

द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात आम्ही दोघं काम करतो, आणि मीही कामोठ्यातच राहतो. जॅझचा नाद मला उशिरा लागला, पण लागला तो चांगलाच. रेकॉर्ड स्वच्छ हवी, खरखर नको, वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यायला हवा. बेडरूममधलं कपाट मी रेकॉर्ड्सनी भरलं होतं आणि बायकोच्या साड्या पलंगाखाली गेल्या होत्या.

त्या शनिवारी मी तिच्या गावी गेलो. तिच्या अब्बांनी, म्हणजे चाचांनी, उभं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेलं. ज्या बंदराला बोट लागेल तिथून एखादी रेकॉर्ड आणायची, असा त्यांचा शिरस्ता. ट्रंक उघडली आणि मी तिथेच जमिनीवर बसकण मारली. मी किमतीचं विचारलं तर ते हात झाडून म्हणाले, "पैशाचं बोलू नका. आमची मशीन कवाच बंद पडली. तुमी ऐका. मला मधून मधून बोलवा ऐकायला, बस."

"पुढच्याच रविवारी या, चाचा," मी म्हणालो.

तो रविवार काही आला नाही. आधी रेकॉर्ड्स धुवायच्या होत्या, मग नवे स्पीकर यायचे होते. चाचा आता आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले होते. भाजीबाजारात भेटले की विचारायचे, "कसा काय आवाज?" मी म्हणायचो, "मस्त! बोलावतो हां चाचा." खरं सांगायचं तर मला एकट्यानं ऐकायचं होतं. शेजारी कुणी बसलं, खोकलं, बोललं की माझी तंद्री मोडते.

त्या ट्रंकेत सॅक्सोफोनची एक रेकॉर्ड होती, संथ सुरावटींची. मूळ पहिली छपाई, संग्राहकांच्या लेखी मोलाची, पण मधोमध एक चरा, आणि सुई तिथे अडकून तेच दोन सूर पुन्हा पुन्हा वाजायचे. पुण्याच्या एका संग्राहकाला ती पहिली छपाई कपाटात ठेवायला हवी होती. बदल्यात तो त्याच रेकॉर्डची जपानी प्रत द्यायला तयार झाला, नव्यासारखी, एक कण खरखर नसलेली. मी क्षणभरही विचार केला नाही. मला तर आवाजाशी मतलब.

शेवटी सहकारीच एक दिवस म्हणाली, "सर, अब्बा विचारत असतात." मला शरम वाटली. त्या रविवारी संध्याकाळी चाचा आले. इस्त्रीचा सदरा, अत्तर, माझ्या बायकोसाठी घरी केलेल्या नानखटाईचा डबा. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ती सॅक्सोफोनवाली लावा."

मी जपानी प्रत लावली. कव्हर त्यांना दिसणार नाही असं धरलं, एवढं मात्र मला आठवतं.

चाचा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच एका जागी त्यांनी डोळे उघडले आणि मान स्वयंपाकघराकडे वळवली. सूर पुढे सरकले. ते तसेच दाराकडे बघत राहिले. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाले, "इथं अडकायची ही. आमच्या पोरीच्या आईच्या हातून झालेलं. फडकं मारताना धक्का लागला नि सुई घसरली. लई रडली होती. मग मी ही लावली की त्या जागेला ती चुलीपासून उठून यायची, वल्ल्या हातानं, नि बोटानं सुई पुढं ढकलायची. शेवटपर्यंत."

मी सुई उचलून जागेवर ठेवली.

"तुमच्याकडं रेकॉर्ड धुवायची मशीन हाय म्हनं. चरा पन जातो तिच्यानं?" चाचांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चाचांचा चेहरा उजळला होता. "गेला, नाय? आज ती पायजे होती. जल्मभर मनाला लावून घेतलं तिनं. सांगितलं असतं, बघ, गेला तुझा चरा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधीच मी पुण्याच्या संग्राहकाला फोन केला. जपानी प्रत परत देतो, वर आणखी दोन हव्या त्या निवडून घ्या, म्हटलं. तो हसला. ती रेकॉर्ड त्यानं कधीच परदेशातल्या कुणाला तरी देऊन टाकली होती.

आठवडाभर मी ऑफिसात चाचांच्या मुलीच्या नजरेला नजर देत नव्हतो. अखेर कॅन्टीनमध्ये तिला सगळं सांगितलं. तिनं डबा बंद केला.

"आवाज साफ हवा म्हणून?" तिनं विचारलं.

"हो."

"अब्बांना सांगू नका. खूश आहेत ते. नातेवाइकांना फोन करकरून सांगतायत, चरा गेला म्हणून." मग उठताना म्हणाली, "मला सांगितलंत ते बरं केलंत, असं मात्र मी म्हणणार नाही. आता घरी अब्बा त्याबद्दल बोलले की मला तोंड फिरवावं लागणार."

म्हणजे माझं ओझं मी तिच्या गळ्यात टाकलं होतं. तेवढ्यानं माझ्या डोक्यावरचंही काही उतरलं नाही.

चाचा आता महिन्या-दोन महिन्यांनी येतात. त्यांच्या ट्रंकेतली एकही रेकॉर्ड मी त्यानंतर बदललेली नाही. खरखर असेल तर खरखरीसकट लावतो आणि ते बोटांनी गुडघ्यावर ठेका धरतात. मला पूर्वीसारखं ऐकता येत नाही. सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे असतं.

गेल्या खेपेला निघताना ते चपला घालता घालता बायकोला म्हणाले, "तुमच्या मान्साच्या हातात जादू हाय, भाभी."

बायकोला सगळं ठाऊक आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. खालचा दिवा लावतो म्हणत मी पटकन जिना उतरलो.