आमच्या दाजींची सरासरी उंची

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी गणितानं जमवलं.

आमची कमळी उंच. म्हणजे किती? तर परसातल्या शेवग्याच्या शेंगा ती काठी न घेता तोडायची! बघायला आलेला मुलगा ती पाटावर बसलेली असेपर्यंत खूश. उभी राहिली की 'कळवतो' म्हणून जायचा, तो जायचाच. शेवटी तिनं मला बजावलं, "दादा, माझ्याहून बुटका निघाला, तर भर मांडवातनं उठून जाईन. लोकांचं हसणं आता सोसत न्हाई मला."

लढाईचे दिवस. साताऱ्याकडच्या एका फौजींच्या गावातून स्थळ आलं. मुलगा पलटणीत, रजा मिळणार ती ऐन लग्नापुरती. मी (सांगलीत गणिताचा मास्तर!) त्या गावी जाऊन आलो. चावडीपुढे रजेवरचे जवान बसले होते. ते उठून उभे राहिले, तशी मी मनातल्या मनात त्यांची सरासरी काढली. ती माझ्या टोपीच्या बरीच वर गेली.

"आबा, त्या गावचा फौजी दारातनं वाकूनच शिरतो!" घरी येऊन मी वडिलांना ठासून सांगितलं.

"पर पोरगा बघितलास का?"

"आवं, सरासरी बघितली की!"

मुलाची आई आली, ती कमळीला बसलेली बघूनच पसंत करून गेली. (पाया बसल्याबसल्याच पड, ही युक्ती माझी!)

लग्नाच्या दिवशी घोड्यावर नवरदेव काय शोभत होता! मी आबांना कोपरानं ढोसलं. मग तो घोड्यावरून उतरायला लागला, आणि उतरतच राहिला!



"मास्तर," आबा दात आवळून म्हणाले, "कुठं गेली रं तुजी सरासरी?"

मी धावत जाऊन आंतरपाटाचं एक टोक धरलं आणि हात पुरेल तेवढं वर नेलं. (भटजी खेकसले, "अहो, धोतर वाळत घालताय का?") तरी कमळीला पलीकडचं दिसलंच.

"दादा," ती कुजबुजली, "पलीकडं नवरा हाय, का नुसताच तुरा?"

"मंगलाष्टकं ऐक!" मी दटावलं. ही आता उठून गेली, तर पुन्हा कोण विचारणार हिला? भटजींनी संध्याकाळपर्यंत गातच राहावं, असं वाटत होतं. पण ते थांबले, आणि आंतरपाट खाली आला.

नवरदेवानं मान वर केली. आणखी वर केली.

"आयला! मला तर सांगितलं हुतं, सांगलीकडच्या पोरी ठेंगण्या असत्यात!"

कमळी लालभडक झाली. गेली, मी म्हटलं, गेली ही! तेवढ्यात तिला असं फसकन हसू फुटलं की हातातला हार हलायला लागला. त्यानं टाचा उचलल्या, हिनं मान लववली, आणि एकदाचे हार पडले.

माझा जीव भांड्यात पडला. लगेच छाती काढून मी पुढे झालो. "दाजी, ही सोयरीक मीच जमवली बरं का!"

दाजींनी मला बुटापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"व्हय का? सांगलीकडचे मास्तर लय हुशार असत्यात, असंबी ऐकलं हुतं."