वाणाच्या दोन डब्या

"मम्मा, टुडे आजी गेव मी अ ऑरेंज वन," पोरगी जिना उतरता उतरता म्हणाली आणि माझ्या हातातलं लाटणं सुटलं ते थेट माझ्याच अंगठ्यावर.

ऑरेंज? खडीसाखर कधी ऑरेंज असते का?

"तोंड उघड. आऽ कर. आऽऽ!"

"आय ऑलरेडी स्वॉलोड इट."

"कशी लागली गं? चव कशी होती?"

तिनं विचार केला. चार वर्षांची आहे, पण विचार करताना म्हातारीसारखी हनुवटीला बोट लावते. "लाइक ऑरेंज," म्हणाली, "बट आल्सो लाइक ग्रास."

गवत. बाई गं, गवतच होतं ते!

तव्यावर पोळी जळत होती, अंगठा ठणकत होता आणि मी पोरीचं तोंड दोन्ही हातांनी धरून आत बघत होते, जसं काही ती गोळी तिथं बसून माझी वाट बघणार होती. आता ही गोळी वर काकूंकडे कशी गेली ते सांगते. कारण ती नेली मीच.

काकू म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. त्या वर राहतात, आम्ही खाली बेसमेंटमध्ये. पन्नास वर्षं झाली त्यांना कॅनडात येऊन. काका गेले, मुलगा व्हँकुव्हरला. आमचे हे चाकणला सीएनसी मशीनवर होते, इथंही मशीनवरच आहेत, फक्त इथं हातमोजे चांगले मिळतात. आणि मी नववी नापास. इंग्लिश समजतं, बोलायला गेलं की तोंडातल्या तोंडात गाठ बसते. रोज दिवेलागणीला पोरगी वर जाते, काकूंच्या देवघरापुढं हात जोडून शुभंकरोति म्हणते, इंग्रजी जिभेनं, "शूबंकरोटी", आणि काकू तिच्या हातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवतात. रोजचं आहे हे. मी कधी विचारही केला नाही.

तर काकूंची बोटं. आल्याच्या गाठी बघितल्यात ना? तशी. बरणीचं झाकण उघडत नाही, ब्लाउजचं हुक लागत नाही. डॉक्टरच्या गोळ्यांनी पोटात आग. एक दिवस त्या स्वतः जिना उतरून खाली आल्या, आयुष्यात पहिल्यांदा, आणि वॉशिंग मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं, झालं, खोली खाली करा म्हणणार.

"अगं, एक काम आहे. कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

"बोला ना काकू."

"मला जरा तो गांजा आणून देशील का? खायचा. ओढायचा नाही हं."

मेथीची जुडी आणून देशील का, तसं.

मी म्हणलं, "इथं नाही मिळत?"

"इथं कसा मिळेल? आपल्या कौन्सिलनं दुकानंच होऊ दिली नाहीत."

"का बरं?"

काकू छताकडे बघायला लागल्या. "लोकांनी सह्या दिल्या ना विरोधात. मराठी मंडळाच्या सह्या मीच गोळा केल्या होत्या. गणपतीत. आरतीच्या रांगेत."

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात घातलं. ऑनलाइन मागवा म्हणलं, तर कार्डाचं बिल मुलगा तिकडून बघतो. शिवाय डिलिव्हरीवाला दारात येऊन आयडी मागणार, आणि समोरच्याच घरात मंडळाच्या खजिनदारबाई राहतात. त्यांच्या खिडकीचा पडदा कधी पूर्ण बंद नसतो.

नाही म्हणायची छाती कुणाची? डोक्यावरचं छत त्यांचं, अगदी खरोखरचं छत, त्या वर चालल्या की माझ्या भांड्यांना कळतं. आणि पोरीला ताप होता तेव्हा रात्रभर मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच.  पण आमची पीआरची, म्हणजे इथं कायमचं राहायच्या परवान्याची, फाइल सरकारकडे पडलेली. ह्यांनी बजावून ठेवलेलं, "पीआर होईपर्यंत कुठं सही करू नको, कुठं नाव देऊ नको, श्वाससुद्धा हळू घे." कायद्यात बसतं म्हणे गांजा घेणं. कायद्यात लग्नही बसतं, म्हणून काय भीती वाटत नाही?

गावाच्या हद्दीवर एक मोठा रस्ता आहे. या अंगाला आमचं गाव, शुद्ध शाकाहारी असल्यासारखं. त्या अंगाला स्कारबरो, आणि रस्ता ओलांडला की पहिलंच दुकान. पहिल्या वेळी पोरीला घेऊन गेले, शाळेला सुट्टी होती. दारावरच्या माणसानं पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बोट नाचवलं. लहान मुलांना आत सोडत नाहीत. दोन बस बदलून आलेली मी, पोरगी म्हणते, "मम्मा, इज इट अ टॉय स्टोर?" तिला शेजारी डोनट खाऊ घातला आणि परत.

दुसऱ्या वेळी एकटी गेले. वाटलं होतं आत अंधार, धूर, दाढीवाले. तर आत सोनाराचं दुकान! काचेच्या पेट्या, आत एकेक नमुना, वर दिवे. आणि काउंटरवर कोण, तर एक पंजाबी मावशी, सलवार-कमीज, वर कार्डिगन, डोक्यावर चष्मा.

"पहली बार, बेटा?"

मी मान हलवली. आयडी मागितला. माझ्याकडे लायसन्स नाही, मी पासपोर्ट काढला. तिनं पासपोर्ट बघितला आणि मला वाटलं, झालं, गेली पीआर, आता हेलिकॉप्टर येणार.

"किसके लिए?"

"सासू के लिए," म्हणलं. सासू बिचारी तिकडे गावाकडं शेंगा निवडत बसली असेल.

"अच्छी बहू है," मावशी म्हणाली. "एक ही देना, और दो घंटा रुकना. असर नहीं हुआ बोल के दूसरी मत देना. और बच्चे हैं घर में? इसी पैकेट में रखना. निकालना मत."

निकालना मत. स्वच्छ हिंदीत सांगितलं होतं.

पण ते पाकीट उघडेल तर शपथ. मुलांनी उघडू नये म्हणून तसं बनवतात. काकूंनी प्रयत्न केला, बोटं धरून खाली बसल्या. मी दातांनी ओढलं. शेवटी कात्री घेतली आणि कचकन कापलं. आतून पाच केशरी गोळ्या निघाल्या, जेलीसारख्या, साखर लावलेल्या. आता पाकीट तर फाटलं.

"अगं, उघड्यावर काय ठेवतेस? मुंग्या येतील. डबीत घाल," काकू म्हणाल्या.

बर्फात कुठल्या मुंग्या? पण मलाही ते पटलं. आपल्याला पाकिटात काही ठेववतच नाही. डाळ डब्यात, चहा डब्यात, ह्यांचे स्क्रूसुद्धा डब्यात. मी खाली येऊन माझी स्टीलची डबी नेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात सगळ्या बायांना वाण म्हणून एकेक मिळालेली. सगळ्यांना सारखी. काकूंनाही. काकूंच्या डबीत खडीसाखर, देवघरापाशी. हे मला माहीत होतं. दोन्ही डब्या डोळ्यांपुढं होत्या माझ्या आणि मी विचार काय केला? किती छान दिसतात जोडीनं.

तर आता परत त्या दिवशी. तवा तसाच सोडून पोरीला काखोटीला मारलं आणि वर धावले. काकू सोफ्यावर, पाय लोकरीच्या शालीत. देवघरापाशी समई आणि समईशेजारी डब्या दोन.

"काकू, तुम्ही हिला काय दिलं?"

"खडीसाखर. रोज देते ते."

मी डबी उघडली. तीन गोळ्या. "पाच घातल्या होत्या मी!"

"एक मी घेतली, चार वाजता. देवापाशीच घेतली, मग डबी आत ठेवायचा कंटाळा..." आणि त्या थांबल्या. कपाळावर हात फिरवला, चष्मा शोधल्यासारखा. चष्मा तिथं नव्हता. मग पोरीकडे बघितलं. पोरगी बोटं चाटत होती.

काकूंचा चेहरा असा झाला की मला त्यांना शिवी द्यायची होती ती तोंडातच राहिली.

"फ्रिजवर पॉयझनवाल्यांचा नंबर आहे," त्या म्हणाल्या. "लाव. आत्ता लाव."

मी "हो" म्हणलं. फोन हातात घेतला. आणि लावला नाही.

इथून पुढं जरा सावकाश सांगते, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी पोरीला घेऊन खाली आले. डोक्यात एकच चक्र: फोन केला की नाव विचारणार, नाव कळलं की फाइल उघडणार, पोरगी घेऊन जाणार. ऐकलेलं असतं ना, इथं सरकार मुलं उचलून नेतं. गावाकडं बागुलबुवा नेतो, इथं फाइलवाले. खाली माझ्याकडंच पडलेलं कापलेलं पाकीट घेतलं, पावती घेतली, तांदळाच्या रिकाम्या पिशवीत कोंबली, बाहेर जाऊन कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातली. वर दोन पिशव्या रचल्या. मग येऊन पोरीच्या घशात बोट घातलं. ती मला कडकडून चावली. मग दूध पाजलं. मग ती खाली बसली आणि स्वतःच्या मोज्याकडे बघून हसायला लागली.

आता हसते ती रोजच. मोज्यावर ससा आहे. पण हे हसणं तिचं की गोळीचं, मला काय कळणार? मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसले आणि तिच्याबरोबर हसायचा प्रयत्न केला, ती घाबरू नये म्हणून, आणि तोंडातून रडणंच निघालं.

तेवढ्यात जिन्यावर आवाज. काकू उतरत होत्या. एक पायरी, थांबणं, एक पायरी. कानाला फोन, खांद्यात दाबलेला, कारण बोटांत धरवत नव्हता.

"येस, अ गर्ल. फोर इयर्स. नो, नॉट द मदर. आय गेव इट. इट इज माइन." मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट, स्पेलिंग करून. "माझंच आहे ते" म्हणणारी कोण, तर आरतीच्या रांगेत सह्या घेणारी तीच बाई. मग मला म्हणाल्या, "फोनवरची नर्स विचारतेय, पाकिटावर मिलिग्राम किती लिहिलंय? पाकीट कुठाय?"

मी उठले आणि पळाले.

बाहेर अंधार पडलेला. ह्यांचं जॅकेट, माझा गाऊन, पायांत चपला, आणि मी कचऱ्याच्या डब्यात कमरेपर्यंत. समोर खजिनदारबाई ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होत्या. फावडं थांबलं.

"काय हरवलं का गं?"

"पावती!" मी डब्यातून ओरडले. "मशीनची!"

आणि मागं दार उघडलं. पोरगी एका काखेत, फोन मानेत, काकू दारात, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज:

"अगं, सापडलं का गांजाचं पाकीट?"



मग खजिनदारबाईंनी फावडं बर्फात खोचलं. "मी गाडी काढते," म्हणाल्या. "माझ्या गाडीला विंटर टायर आहेत."

पाकीट सापडलं. पूर्ण पाकिटात दहा मिलिग्राम, म्हणजे एका गोळीत दोन. नर्स म्हणाली, ओकवू नका, आणि हॉस्पिटलला जाऊन दाखवून घ्या. ओकवू नका म्हणल्यावर पोरीनं चावलेलं बोट मी मागं लपवलं, फोनवर दिसणार असल्यासारखं. आम्ही निघालो. एका सिग्नलला खजिनदारबाई समोर बघतच म्हणाल्या, "गुडघ्याला चालतं का हो ते?"

काकू म्हणाल्या, "बोटांना जरा बरं वाटलं होतं."

हॉस्पिटलमध्ये पोरीच्या बोटाला चिमटा लावला, छातीवर वायरी लावल्या, ती झोपली. इतकी गाढ झोपली की मी दर मिनिटाला तिच्या नाकाखाली हात धरत होते. नर्स म्हणाली, मशीन बघतंय ना, तू बस. मी बसले नाही. काही तासांनी उठली आणि पहिलं वाक्य, "आय वाँट पिझ्झा." काकू तिथंच रडल्या, पदर नाही म्हणून स्कार्फमध्ये.

मग एक बाई आली, गळ्यात कार्ड, हातात फाइल. फाइल! पण खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली, सावकाश बोलली. गोळ्या कशात ठेवल्या होत्या? मी म्हणलं, स्टीलच्या डबीत. कुलूप? नाही. तिनं लिहिलं. कुलपाची पेटी घ्या म्हणाली. मग विचारलं, तुम्हाला कळल्यावर किती वेळानं फोन केला?

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. मी खाली गेल्यापासून त्या वर बसून माझ्या फोनवर बोलण्याचा आवाज ऐकायची वाट बघत होत्या, आणि त्यांना कचऱ्याच्या डब्याचं झाकण ऐकू आलं होतं.

"लगेच," मी म्हणाले.

काकूंनी मान खाली घातली. काही बोलल्या नाहीत, अजूनही नाहीत.

पोरगी घरी आली. कुणी नेली नाही. ह्यांना गोळीचं सांगितलं, फोनचं नाही; ते खजिनदारबाईंच्या गाडीतून जाऊन काकूंसाठी कुलपाची पेटी घेऊन आले. पेटीला छोटी किल्ली आहे. काकूंच्या बोटांना ती फिरत नाही, म्हणून चार वाजता मी वर जाते, उघडते, एक देते, कुलूप लावते, किल्ली घेऊन येते. वाणाची माझी डबी मी परत आणली, तिच्यात आता स्क्रू आहेत.

पण फोन न लावलेली ती दहा मिनिटं कुठल्याच डब्यात मावत नाहीत. पोरगी मोज्याकडे बघून हसली की येतातच.

तुम्ही असता तर? पीआरची फाइल आत पडलेली, छत दुसऱ्याचं, तोंडात इंग्लिश नाही, आणि एका हातात फोन, एका हातात फाटलं पाकीट. आईचं काळीज बिळीज नको, ते सगळे सांगतात. खरं सांगा, आधी काय केलं असतं?