स्वयंपाकघराच्या दारातून गेलेला रूळ

अंबाजोगाईच्या आमच्या घरात जी छोटी रेल्वे धावते, तिला जागा मी दिली. रूळ यजमानांनी अंथरले. परंतु हॉल रिकामा करून देण्याचा निर्णय माझा होता, हे आधीच स्पष्ट करते. रुळांवर धूळ बसते, तसे अशा घरात किस्से साचतात. आज पुसावेत, तर उद्या पुन्हा आहेतच!

यजमान बस आगारातून निवृत्त झाले आणि कमरेएवढ्या उंचीच्या टेबलांवर डोंगर, बोगदा, स्टेशन उभारू लागले. सिरसाळ्याहून आलेला माझा धाकटा भाऊ बप्पा ते पाहून म्हणाला, "दाजी, सारी जिंदगी बशीत घातली, अन् आता रेल्वे? कावून?"

"बशीची वाट लोकांनी पाहिली, बप्पा. रेल्वेची मी लई पाहिली, गावात आलीच न्हाई!"

विजेची जोडणी शेजारच्या सलीमभाईंनी केली. मोटार-पंप दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा. पहिल्याच दिवशी इंजिन मागे धावू लागले. मी ते सलीमभाईंच्या निदर्शनास आणून दिले.

"बाई, अंबाजोगाईत गाडी चालली, हे बघा की! उलटी-सुलटी मागून बघू!"

खरी अडचण वळणाची होती. इंजिन हातभर लांब. अरुंद वळणावर ते हमखास रूळ सोडी. रुंद वळण घ्यायचे, तर रूळ स्वयंपाकघराच्या दारातून न्यावा लागणार होता. यजमानांना अखंड गोल फेरी हवी होती. भिंतीपर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीत त्यांचा जीव रमेना.

"दारात फळी टाकतो. खालून वाकून जाशील ना?" त्यांनी विचारले.

"आयुष्यभर वर्गात ताठ उभी राहिले. स्वतःच्या स्वयंपाकघरात वाकून शिरणार नाही."

"दाजी," बप्पा म्हणाला, "भूसंपादनाला हरकत आली!"

अखेर सलीमभाईंनी फळीला बिजागऱ्या लावल्या. फळी उचलावी, जावे, पुन्हा खाली ठेवावी.

एके सकाळी मी फळी उचलली आणि पिठाची परात घेऊन दारात आले. त्याच क्षणी गाडी आली. इंजिन थेट परातीत!

पांढरेफटक इंजिन वर काढत सलीमभाई म्हणाले, "मुबारक हो, गाडी काश्मीरला पोचली!"

यजमान मात्र हसले नाहीत. इंजिन पुसता पुसता हळूच म्हणाले, "फळी काढून टाकतो. ऱ्हाऊ दे फेरी."

"फळी राहील," मी म्हणाले. "मात्र चहाच्या वेळी गाडी मी चालवीन आणि चहा तुम्ही करायचा."

ते चहा करायला आत गेले. मी फळी खाली ठेवली, गाडी सुरू केली आणि उरलेल्यांचे मत विचारले.

"अक्का म्हणती तसंच," बप्पा म्हणाला.

"एकदम बराबर," सलीमभाई म्हणाले.

तोच फळीपलीकडून कपांचा ट्रे धरून उभ्या यजमानांचा आवाज आला, "मला बी मान्य हाय! पर गाडी थांबव, चहा निवायलाय!"

गाडी तेव्हा बोगद्यात होती, आणि बोगद्यात गाडी थांबवत नाहीत.