उरलेली अर्धी दाढी

न्हावी घरी येऊन दाढी करतो ती आजाऱ्याची, नाहीतर अंथरुणाला खिळलेल्याची. आमच्या गावात मी लहानपणापासून हेच बघत आलो. बापाची शेवटची दाढी अशीच ओटीवर झाली. म्हणून माझा पाय गेला तेव्हा घरात पहिलीच गोष्ट सांगून ठेवली, दाढीला मी दुकानात जाणार. माझा मी जाणार.

पाय शुगरने गेला, गुडघ्याखालून. दुसरा आहे, पण त्याचा भरवसा नाही. हात मात्र शाबूत. अंबरनाथच्या कारखान्यांत जन्मभर लोडिंग केलं, ट्रकात पोती चढवली, त्या हातांना खुर्चीची चाकं काय जड? खुर्ची उल्हासनगरहून आणली. दुकानदार म्हणाला होता, "काका, टायर भरीव है, पंचर का झंझटही नहीं."

न्हाव्याचं दुकान आमच्या शिरगावच्या बिल्डिंगसमोरच. फक्त रस्ता मधे. पूर्वी इथे शेताच्या कडेने डांबराची एक पट्टी होती, तिच्यावर गुरं बसायची आणि एसटी त्यांना वळसा घालून जायची. आता काँक्रीट झालंय, मधे डिव्हायडर आणि त्यात कण्हेर. गुरांना वळसा घालणारे लोक माणसासाठी ब्रेक मारत नाहीत. तरी डिव्हायडरमधे एक गॅप होता. हात वर करून अर्धा रस्ता ओलांडायचा, गॅपमधे दम खायचा, मग उरलेला अर्धा. रिक्षावाले शिव्या द्यायचे, मीही द्यायचो. दर रविवारी हे असंच.

एका रविवारी गॅपमधे पोचलो आणि बघतो तर लोखंडी पाईप गाडलेले. बुडाचं सिमेंट अजून ओलं. मोटारसायकलवाले तिथून घुसायचे, त्यांना अडवायला असणार. चालता माणूस अंग चोरून निघून जाईल. माझी खुर्ची कशी जाणार? सरळ घातली, तिरकी घातली. नाहीच. मागून टँकर गेला तशी खुर्चीसकट हादरलो.

भाजीच्या पिशव्या घेऊन दोन तरणे गडी तिथे आले. "काका, थांबा, उचलून पलीकडे ठेवतो."

"हात लावायचा नाही."

"अहो, मदतच करतोय ना!"

"जन्मभर पोती उचलली बाबा. मी अजून पोतं झालो नाही."

"मग बसा इथंच," दुसरा म्हणाला.

"बसलोच आहे."

न्हाव्याने दुकानातून बघितलं आणि खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून धावत आला. माझ्या मुलाच्या वयाचा, माणूस सरळ. म्हणाला, "काका, मागे फिरा. दुपारी घरी येतो, निवांत करून देतो."

घरी म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. "सामान आण," मी म्हटलं.

"कुठं?"

"इथं."

"रस्त्यात?"

"दुकानात हे पाईप येऊ देत नाहीत. घरी मी करणार नाही. मग राहिलं काय?"

तो हसला, कपाळाला हात लावला, पण सामान घेऊन आला. गळ्याभोवती टॉवेल बांधला, गालांना फेस लावला. साबणाच्या वासात डिझेलचा वास मिसळला. गाड्या हळू झाल्या, लोक काचा खाली करून बघायला लागले. एवढी वर्षं हात वर करून जे जमलं नव्हतं ते फेसाने केलं. काहींनी मोबाईल काढले. उजवा गाल झाला आणि तेवढ्यात ट्रॅफिक हवालदार आला.

"ओ आजोबा, काय चाललंय हे? उठा, उठा इथून!"

"उठता आलं असतं तर साहेब, इथं कशाला असतो?"

बघे हसले आणि हवालदार चिडला. न्हाव्याला म्हणाला, "तू आवर तुझं सलून, नाहीतर सामानासकट गाडीत टाकीन." हातावर पोट असलेला माणूस, त्याने आवरलं. त्याला मी बोल लावत नाही. मग हवालदाराने शिट्टी मारून सगळ्या गाड्या थांबवल्या, कशासाठी, तर मला परत घरी धाडायला! मागे जायला सगळा रस्ता मोकळा. पुढे जायला एक शिट्टी नाही.

घरी बायकोने कपाळ बडवलं. "अहो, काय हे ध्यान!"

मुलगा म्हणाला, "बाबा, त्याला बोलावतो, पाच मिनिटांचं काम. लोक काय म्हणतील?"

"विचारतील. तेच पाहिजे मला."

"मग मी करतो, द्या इकडे."

"उरलेली दुकानातच होणार."

आणि मी तशीच ठेवली. त्याच आठवड्यात भाचीचा साखरपुडा होता. बायको म्हणाली, असे येणार असाल तर मी येत नाही. शेवटी आली, पण बसली दूर, बायकांत. फोटोवाला म्हणाला, काका, जरा उजवा गाल इकडे करा. मी डावा केला. आलेल्या प्रत्येकाने विचारलं, प्रत्येकाला मी पाईप सांगितले.

मग रिक्षा करून पालिकेच्या कचेरीत गेलो. दाराशी खुर्चीसाठी उतार केलेला होता आणि त्या उतारावर मोटारसायकली लावलेल्या. मी दारातच बसून राहिलो. येणारा-जाणारा आधी गालाकडे बघायचा, मग पायाकडे. गर्दी झाली तसा आतून साहेब आला. प्रकरण ऐकून म्हणाला, "लेखी अर्ज द्या, काका."

मी डावा गाल पुढे केला. "हा काय, लिहूनच आणलाय."

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. "अहो, ते पाईप तुमच्याच सेफ्टीसाठी आहेत."

"मोटारसायकलवाल्यांपासून ना?"

"हो."

"मग अडकवलं कुणाला? ते पुढच्या सिग्नलला वळून घरी जेवायला पोचतात. मी काय करू? त्या सिग्नलपर्यंत फुटपाथ तरी आहे का?"

"बघतो मी."

"बघा. दाढी वाढतेच आहे."

कशाने झालं देव जाणे. कोणी म्हणतं मोबाईलवर व्हिडिओ फिरला, कोणी म्हणतं साहेब कंटाळला. एका सकाळी बायकोने गॅलरीतून हाक मारली, "अहो, या इकडे! मधला पाईप कापतायत!" तिच्या आवाजात माझ्यापेक्षा जास्त आनंद होता. अर्थात, तिला माझं तोंड रोज बघावं लागत होतं.

रविवार नव्हता. तरी मी गेलो. कापलेल्या पाईपचं बूड वर राहिलेलं, पुढचं चाक त्याला अडलं. मागे घेतलं, जोर लावला, पार झालो. मोटारसायकलवालेही आता पुन्हा घुसतात. त्यांना अडवायचं काम साहेबाचं, माझ्या खुर्चीचं नाही.

दुकानात हातांवर जोर देऊन मी त्याच्या खुर्चीत बसलो. कोणी हात लावला नाही. न्हाव्याने डावा गाल चाचपला, म्हणाला, "काका, हे तर रान झालंय. घरी आलो असतो ना मी!"

"वस्तरा चालव."

परत येताना रस्ता होता तसाच. एक रिक्षा हॉर्न दाबत अंगावर आली. मी हात वर केला आणि चाकं फिरवत राहिलो. करकचून ब्रेक मारून तो ओरडला, "ओ म्हातारबा, मरायचंय का?"

"आत्ताच दाढी करून आलोय," मी म्हटलं, "दुकानातून! थांब जरा."

आणि तो थांबला.