एका शेकासाठी बोरिवली

घाटकोपरहून सकाळी सातला निघालो तेव्हा बाबांच्या हातात काठी होती आणि माझ्या हातात त्यांची फाइल. बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, आणि तो हाडांत उतरलाय. स्कॅनमध्ये अकरा ठिपके. इंजेक्शन आणि गोळ्या चालू आहेत. आज बोरिवलीच्या रुग्णालयात उजव्या खुब्याला एकदाच शेक (रेडिएशनला आमच्या वस्तीत हेच म्हणतात) द्यायचा होता, दुखणं उतरावं म्हणून. मी मात्र दुसऱ्याच कामाला निघाले होते. काही रुग्णांना औषधांच्या जोडीला मूळ गाठीवरही शेक देतात, असं मी वाचलं होतं. मग माझ्या बाबांना का नाही? हे आज डॉक्टरांना विचारायचंच होतं.

मेट्रो गुंदवलीला बदलावी लागते. दोन स्टेशनांमधला पूल लांबलचक आहे. बाबा तीनदा थांबले. तेवढ्यात त्यांच्याच वयाचे एक आजोबा पांढरे बूट घालून आमच्या बाजूने झपाझप पुढे गेले. मला त्यांच्या गुडघ्यांचा राग आला.

"बघतेस काय त्यांच्याकडे?" बाबा म्हणाले.

"काही नाही."

आमच्या घरात पलंगाखाली मोर्च्यांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा लिहायचे, मी घड्या घालायचे. मागायचं ते सगळ्यांसाठी, हे मी अक्षरं गिरवतानाच शिकले. दुसऱ्याच्या ताटाकडे बघणं आमच्यात कमीपणाचं. म्हणून त्या सकाळी मनात जे चाललं होतं ते मी बाबांना सांगितलं नाही.

मागाठाण्याला उतरलो. पूर्वेला नॅशनल पार्कचे डोंगर इतके जवळ दिसतात की हात लावावासा वाटतो. रिक्षावाल्याने खड्डे टाळत हळू नेलं, एक शब्द न विचारता. रुग्णालयाचं नाव ऐकूनच तो समजला असावा.

रेडिएशनचा विभाग तळघरात. तिथे एक पाण्याचं मशीन आहे, आणि त्याच्याभोवती म्हातारी माणसं घड्याळ बघत ग्लासावर ग्लास पाणी पीत बसलेली. आमच्या शेजारी वाकोल्याचे राणे काका आणि काकू होते. काकूंनी डबा उघडून माझ्यापुढे घावण (तांदळाचं जाळीदार धिरडं) धरलं.

"खा गो. सकाळपासून काय खाल्लंस?"

घावण मऊ होतं, बरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी. मी खात होते तोवर काकू सांगत होत्या. काकांनाही प्रोस्टेटच. तोही हाडांत गेलाय.

"पण दोनच ठिपके हां. डॉक्टर म्हणाले, थोडाच पसरलाय, तर इंजेक्शन-गोळ्या चालू ठेवून मुळावर पण शेक देऊ. महिनाभर रोज यायचं. आज चौथा दिवस."

दोनच. घास माझ्या तोंडात तसाच राहिला. तोच आजार, तेच वय, तीच गोळी. कुणाच्या कॅन्सरचा हेवा वाटू शकतो हे मला त्या बाकावर कळलं.

डॉक्टर भेटल्या. मी फाइल उघडून प्रश्न विचारला. त्यांनी तो टाळला नाही.

"पसारा थोडा असेल तर मुळावरच्या शेकाने आयुष्य वाढतं. ठिपके एवढे असतील तर तसा फायदा दिसत नाही, लघवीचा त्रास मात्र वाढू शकतो. तुझ्या बाबांना गोळ्या लागू पडतायत. तिथेच आपला जोर."

बाबा म्हणाले, "पटलं." मला पटलं नव्हतं.

आम्ही बाहेर येऊन बसलो. आमचा नंबर नऊ होता, राणे काकांचा बारा. दार उघडून टेक्निशियन मुलीने हाक मारली, "राणे काका, चला."

मी ताडकन उठले. "नऊ नंबर झालेला नाही. बारा कसा?"

"अगं, त्यांचं पाणी भरलंय."

"म्हणजे काय? रांग म्हणजे रांग! कुणाला आधी घ्यायचं याचे नियम भिंतीवर लावा. ओळखीपाळखी चालवायला हे काय कुणाचं घर आहे?"

ती समजावत होती, मी ऐकत नव्हते. दहा मिनिटं मी दार अडवून भाषण केलं. शेवटी मागून काकांचा आवाज आला.

"गो बाय, माका आता धरवत नाय!"

ते भिंतीला हात लावत संडासाकडे धावले. टेक्निशियनने कपाळावर हात मारला.

"वाट लावलीस ना! मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, शेकाच्या वाटेतून बाजूला होतात. म्हणून ज्याचं भरलं तो आधी जातो. इथे सगळ्यांना माहितेय. तुझ्या बाबांचा खुबा आहे, त्यांना पाण्याचं काही नाही. आता काकांनी परत प्यायचं आणि परत तासभर बसायचं."

बाबांना आत घेतलं. ते बाहेर आले तेव्हा काका नव्याने पहिला ग्लास पीत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "काका, चुकलं माझं."

"चलता गो. बापासाठी भांडलंस. माझो झील (मुलगा) तर फोनवर पण भांडणा नाय."

काकू मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या.

"आपण थांबूया," बाबा म्हणाले. "त्यांचं होईपर्यंत." दुखरा खुबा सावरत ते काकांशेजारी बसले. पाण्याची गरज नसताना त्यांनीही एक ग्लास भरून घेतला. दोघं गोळ्यांनी येणाऱ्या घामाबद्दल बोलू लागले, अंगातल्या गरम वाफांबद्दल, दोघांनाही पाळी जाणाऱ्या बायकांसारखं पंख्याखाली पळावं लागतं म्हणून हसलेही. मग काकांनी सहज विचारलं,

"तुमचे किती ठिपके?"

मी बाबांकडे बघितलं. पत्रकात एक आकडा चुकला तर अख्खा गठ्ठा फाडायला लावणारा हा माणूस.

"दोन," बाबा म्हणाले. "दोनच."

"मग तुमका पण महिनाभर येवचा लागतला. बरा झाला. सोबत झाली."

"हो. सोबत झाली."

तासाभराने काकांचा शेक नीट झाला. जाताना त्यांनी बाबांचा हात दाबला. "उद्या भेटू."

परतीच्या मेट्रोत डब्यात ऊन आलं होतं. गुंदवलीला गाडी बदलली. दिवसभर मला वाटत होतं की हेवा माझा एकटीचा आहे आणि तो मला बाबांपासून लपवायचाय. घाटकोपरच्या गाडीत बसल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"उद्या मी दिसलो नाही तर ते विचारतील का गं?"

"विचारतील," मी म्हणाले.